व्यसनविषयक परिषदेला पहिला गोषवारा पाठवताना

माझा पहिला गोषवारा नाकारला गेला तेव्हा परीक्षकाने खाली एकच ओळ लिहिली होती: "यात सापडलं काय, ते कुठेच नाही." मला रागच आला. मजकूर पुन्हा उघडला, तर शेवटचं वाक्य होतं, "निष्कर्षांवर परिषदेत सविस्तर चर्चा केली जाईल." लिहिताना ते मला चांगलं भारदस्त वाटलं होतं. पुढे मी स्वतः परीक्षकांच्या बाजूला बसायला लागले आणि हेच वाक्य वरचेवर भेटायला लागलं. तिकडचा माणूस दिवसभराचं काम उरकून, रात्री, ओळीने वीस-पंचवीस गोषवारे वाचत असतो. त्याला चर्चेचं आश्वासन नको असतं. तुम्ही काय केलं, कोणाबरोबर केलं आणि हाती काय लागलं, एवढं त्याला दीड मिनिटात कळायला हवं असतं.

दारू, तंबाखू, अमली पदार्थ या विषयांवर शिकवणारे, प्रशिक्षण देणारे, समुपदेशन करणारे आणि आपलं काम पहिल्यांदाच परिषदेत मांडू पाहणारे, अशांसाठी हे लिहिते आहे. गोषवारा म्हणजे बोलताना आपण ज्याला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतो तोच.

आधी पत्रक शेवटपर्यंत वाचा

परिषद गोषवारे मागवते तेव्हा एक पत्रक काढते. लोक त्यातली शेवटची तारीख आणि शब्दमर्यादा बघतात आणि लिहायला बसतात. खरी माहिती त्यानंतरच्या पानांवर असते: कोणते विभाग आहेत, गुण कशावर देणार, काम पूर्ण झालेलं असायला हवं की चालू असलेलं चालेल, आधी कुठे मांडलेलं चालतं का, सादर करणाऱ्याने नोंदणी कधीपर्यंत करायची, पाठवणारा सदस्य असावा लागतो का. गुणांचा तक्ता दिला असेल तर तो छापून समोर ठेवा. परीक्षकाच्या समोर नेमका तोच असतो.

परिषदांचा स्वभावही वेगवेगळा असतो. अमेरिकेतली 'अमेर्सा' ही संस्था १९७६ पासून व्यसनविषयक शिक्षण आणि संशोधन या दोन्हींसाठी काम करते. पूर्वी तिच्या नावात 'मेडिकल' हा शब्द होता, आता त्या जागी 'मल्टिडिसिप्लिनरी' आहे. डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका, औषधनिर्माते, समाजकार्यकर्ते, मानसतज्ज्ञ असे सगळे तिथे येतात, त्यामुळे अभ्यासक्रमावरचं काम तिथे पाहुणं वाटत नाही. उलट 'कॉलेज ऑन प्रॉब्लेम्स ऑफ ड्रग डिपेंडन्स' या संस्थेची मुळं १९२९ मधल्या एका वैज्ञानिक समितीत आहेत आणि तिचा कल आजही प्रयोगशाळा, औषधशास्त्र आणि उपचारांच्या चाचण्यांकडे जास्त. एखाद्या शाळेतल्या प्रशिक्षणाचा अनुभव घेऊन तिथे गेलात तर कोणी हाकलणार नाही, पण ऐकणारे कमी भेटतील. मागच्या दोन-तीन वर्षांचे स्वीकारलेले गोषवारे बहुतेक परिषदा प्रसिद्ध करतात. त्यातले दहा-बारा वाचले की आपलं काम या पंगतीत बसतं का, हे आपोआप कळतं.

एक सावधगिरी. "आदरणीय संशोधक महोदय" अशा थाटाचं, तुमच्या विषयाशी संबंध नसलेलं ईमेल येतं, दोन दिवसांत स्वीकृती मिळते आणि तिसऱ्या दिवशी शुल्काची आठवण. समितीतली नावं शोधून पाहा. त्यातल्या एखाद्या व्यक्तीला विचारलंत तर बऱ्याचदा तिलाच पत्ता नसतो. अशा ठिकाणी पैसे तर जातातच, कामही वाया जातं.

आपलं काम कोणत्या खणातलं?

बहुतेक परिषदांत निदान दोन खण असतात. एक संशोधनाचा, दुसरा अभ्यासक्रम किंवा कार्यक्रमाचा; कुठे कार्यशाळा, धोरण आणि एकेका रुग्णाची कहाणी यांचेही वेगळे खण असतात. नवखी मंडळी प्रतिष्ठेपायी संशोधनाचा खण निवडतात आणि तिथेच गुण गमावतात.

समजा तुम्ही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तीन तासांचं प्रशिक्षण दिलं: रुग्णाला दारूबद्दल कसं विचारायचं. आधी आणि नंतर चाचणी घेतली. हे काम दोन्हीकडे जाऊ शकतं. संशोधनाच्या खणात परीक्षक विचारेल, तुमचा प्रश्न काय होता, तुलना कशाशी केली, किती जण मध्येच गळाले, मोजमापाचं साधन विश्वासार्ह होतं का. कार्यक्रमाच्या खणात तो विचारेल, याची गरज का पडली, नेमकं काय शिकवलं, कोणी शिकवलं, काय अडलं, दुसऱ्या कोणाला हे उचलून वापरता येईल का. तुलनेचा गट नसेल, संख्या लहान असेल, पण प्रशिक्षणाची बांधणी विचारपूर्वक केली असेल, तर दुसरा खण घ्या. मी तरी डोळे झाकून तोच सल्ला देते.

दोन्ही खणांसाठी तपासणीच्या याद्या तयार आहेत. यादृच्छिक चाचणीच्या (सहभागींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून केलेल्या अभ्यासाच्या) गोषवाऱ्यासाठी २००८ मध्ये आलेली 'कन्सॉर्ट'ची खास यादी आहे, तर सुधारणा-प्रकल्पांसाठी 'स्क्वायर' आहे, तिची दुसरी आवृत्ती २०१५ ची. सगळे मुद्दे तीनशे शब्दांत मावणार नाहीत, पण कोणता मुद्दा आपण जाणूनबुजून सोडतोय आणि कोणता विसरलोय, हा फरक यादीमुळे लक्षात येतो.

परवानगी आधी, माहिती नंतर

नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यायची असते. "हे तर नुसतं वर्गातलं फीडबॅक आहे, याला कशाला मंजुरी" असं आपल्याला वाटतं. कदाचित खरंही असेल, पण सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, आपण नाही. गोषवारा भरायच्या पोर्टलवर मंजुरीबद्दल स्वतंत्र रकाना असतो आणि तिथे "लागू नाही" लिहिलं की परीक्षक थबकतो.

विद्यार्थी हेच सहभागी असतील तर आणखी एक गुंता असतो. चाचणी घेणारे आणि गुण देणारे तुम्हीच, मग नकार द्यायला ते कितपत मोकळे होते? संमती दुसऱ्या कोणी घेतली, उत्तरपत्रिकांवर नावं नव्हती, असं काही केलं असेल तर ते अर्ध्या वाक्यात जरूर लिहा.

व्यसनाच्या क्षेत्रात गोपनीयतेला जास्तच धार असते. मधुमेहाची नोंद बाहेर फुटली तर माणूस अवघडेल. बेकायदा पदार्थाची नोंद फुटली तर नोकरी, मुलांचा ताबा, प्रसंगी तुरुंग, इथपर्यंत गोष्ट जाते. म्हणूनच अमेरिकेत व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी १९७० च्या दशकापासून वेगळे, सामान्य वैद्यकीय नोंदींपेक्षा कडक नियम आहेत. गोषवाऱ्यात नाव नसतंच, पण "एका उपचार केंद्रातल्या, ओपिऑइड (अफूवर्गीय पदार्थ) घेणाऱ्या ३ गर्भवती महिला" एवढं लिहिलं तरी त्या गावातल्या माणसाला त्या कोण, हे कळू शकतं. गट लहान असेल तर तपशील सैल करा: वय दशकात सांगा, केंद्राचं नाव गाळा, दोन गट एकत्र करा.

आता लिहायचं, पण उलट्या क्रमाने

गोषवारा वाचताना पार्श्वभूमी आधी येते म्हणून आपण लिहितानाही तिथूनच सुरुवात करतो. मग "व्यसन ही जगभरातली गंभीर समस्या आहे" इथून गाडी निघते आणि शंभर शब्द संपतात. परिषदेला येणाऱ्या प्रत्येकाला ती समस्या गंभीर आहे हे माहीत असतं. म्हणून तर तो आलेला असतो.

मी आधी एका कागदावर आकडे मांडते. फक्त आकडे. किती जणांना बोलावलं, किती आले, किती जणांनी शेवटपर्यंत भरून दिलं, मुख्य मोजमाप आधी किती आणि नंतर किती. त्यावरून निष्पत्तीचा, म्हणजे हाती काय लागलं त्याचा, परिच्छेद लिहिते. मग ते आकडे कसे आले हे सांगणारी पद्धत, मग उद्देश, मग निष्कर्ष, आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमीची दोन वाक्यं. शीर्षक त्यानंतर. तीनशे शब्द असतील तर माझी वाटणी साधारण अशी पडते: पार्श्वभूमी ४५, उद्देश २५, पद्धत ८०, निष्पत्ती १०५, निष्कर्ष ४५. परीक्षकाचे गुण जिथे, शब्दही तिथे.

वरचंच नर्सिंगचं उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, आकडेही माझ्या मनाचे. पहिल्या खर्ड्यात हमखास असं वाक्य येतं:

"प्रशिक्षणामुळे विद्यार्थ्यांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ झाली असून बहुसंख्य विद्यार्थी आता रुग्णांना दारूबद्दल विचारू लागले आहेत."

यात माहिती किती? किती विद्यार्थी, ठाऊक नाही. वाढ किती, ठाऊक नाही. "लक्षणीय" म्हणजे संख्याशास्त्राच्या अर्थाने की बोलीभाषेतल्या, तेही ठाऊक नाही. "बहुसंख्य" म्हणजे कोणापैकी? आणि "मुळे" या प्रत्ययाने तर कमालच केली आहे. तुलनेचा गट नसताना कारण सिद्धच करून टाकलं. आता हेच पुन्हा लिहू:

"६४ पैकी ५८ विद्यार्थ्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या. २० गुणांच्या चाचणीत त्यांची सरासरी ११.२ वरून १५.६ झाली (फरक ४.४, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ३.६ ते ५.२). ३ महिन्यांनी ३१ जणांनी प्रश्नावली भरली. त्यातल्या १९ जणांनी निदान एका रुग्णाला दारूबद्दल विचारल्याचं सांगितलं."

शब्द वाढले, पण प्रत्येक शब्द काहीतरी सांगतोय. (कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे तो पट्टा.) आता शेवटच्या वाक्याकडे बारकाईने बघा. ३१ पैकी १९ म्हणजे ६१ टक्के. हा आकडा लिहायचा मोह कोणालाही होईल. पण प्रशिक्षण ६४ जणांनी घेतलं होतं, आणि त्या हिशोबाने १९ म्हणजे जेमतेम ३० टक्के. ज्यांनी प्रश्नावली भरलीच नाही त्यांनी विचारलं असेल की नसेल? बहुधा ज्यांनी काही केलं त्यांनाच उत्तर द्यायचा उत्साह असतो. म्हणून नुसते टक्के कधीच लिहू नका, छेद, म्हणजे कितीपैकी ते, सोबत ठेवा. "सांगितलं" हे क्रियापदही मुद्दाम आहे. त्यांनी विचारल्याचं आपण पाहिलेलं नाही. त्यांनी तसं सांगितलं एवढंच आपल्याला ठाऊक आहे.

पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) एकटी ठेवू नका. फरक किती मोठा होता हे ती सांगत नाही. मुलाखती किंवा गटचर्चांचं काम असेल तर आकड्यांऐवजी सूत्रं (बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे) येतील, पण तिथेही किती जणांशी बोललात, विश्लेषण कोणत्या रीतीने केलं, किती जणांनी संकेतन केलं (बोलण्याच्या तुकड्यांना विषयवार खुणा लावल्या) हे हवं, आणि सहभागींच्या तोंडचं एखादं छोटं वाक्य. एकच, त्याने पूर्ण सूत्र जिवंत होतं.

मोजमापाचं साधन नावानिशी आणि आवृत्तीसह सांगा. 'ऑडिट' ही जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयक प्रश्नावली १० प्रश्नांची, गुण ० ते ४०. तिचीच छोटी बहीण 'ऑडिट-सी' फक्त पहिल्या ३ प्रश्नांची, गुण ० ते १२. नुसतं "ऑडिटचे गुण ६" लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते थोडे की फार, काहीच कळत नाही. कितीच्या वर धोका मानला तेही लिहा. भाषांतरित प्रश्नावली वापरली असेल तर ते भाषांतर तपासलेलं होतं का, हा प्रश्न येणारच.

निष्कर्ष: आपली पायरी ओळखा

या क्षेत्रातल्या गोषवाऱ्यांचा सगळ्यात मोठा दोष मला विचाराल तर हाच. मोजलं जातं ज्ञान आणि निष्कर्षात घटतं व्यसन.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना प्रशिक्षण आवडलं का, ही पहिली. काही शिकले का, ही दुसरी. कामाच्या ठिकाणी वागणं बदललं का, ही तिसरी. आणि त्याने शेवटी परिणाम साधला का, म्हणजे आपल्या बाबतीत रुग्णांची तब्येत सुधारली का, ही चौथी. आधी-नंतरची चाचणी दुसऱ्या पायरीवरच थांबते. समाधानाचा फॉर्म पहिल्यावर. तिथून थेट चौथीवर उडी मारणारा निष्कर्ष परीक्षकाला लगेच दिसतो.

याची किंमत या क्षेत्राने मोजलेली आहे. अमली पदार्थांपासून दूर राहायला शाळाशाळांत पोलीस अधिकारी जाऊन शिकवत तो 'डेअर' कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला आणि अमेरिकाभर पसरला. पालक खूश, शिक्षक खूश, मुलांना टी-शर्ट मिळाले. १९९४ मध्ये त्यावरच्या अनेक मूल्यमापनांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा ज्ञानावरचा परिणाम बऱ्यापैकी दिसला, पण प्रत्यक्ष पदार्थसेवनावरचा अगदी किरकोळ निघाला. मुलांना माहिती होती. माहिती असणं आणि हात मागे घेणं यांत अंतर आहे, हे आपल्यापैकी ज्यांनी एकदा तरी सिगारेट सोडायचा प्रयत्न केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा आपल्या कल्पित उदाहरणाचा प्रामाणिक निष्कर्ष काय? "तीन तासांच्या प्रशिक्षणानंतर ज्ञानाच्या चाचणीतले गुण वाढले. काही विद्यार्थ्यांनी रुग्णांना विचारल्याचं सांगितलं, मात्र निम्म्याहून अधिक जणांचा पाठपुरावा होऊ शकला नाही. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष संभाषणाचं निरीक्षण करण्याचं योजलं आहे." हे वाचून काहींना वाटतं, एवढं थोडं कोण घेणार? मी परीक्षक म्हणून सांगते, असा गोषवारा हातात आला की हायसं वाटतं. लेखकाला आपल्या कामाची हद्द ठाऊक आहे, तो व्यासपीठावर उभा राहून अडचणीत येणार नाही, याची खात्री पटते. "आणखी संशोधनाची गरज आहे" हे वाक्य मात्र काढून टाका. ती गरज सगळ्यांनाच असते.

शब्दांची निवड

आपल्या परिषदांच्या, नियतकालिकांच्या जुन्या नावांत 'अब्यूज' (गैरवापर) हा शब्द सर्रास आहे. पण २०१३ मध्ये आलेल्या 'डीएसएम-५' या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेने 'अब्यूज' आणि 'डिपेंडन्स' (अवलंबित्व) ही दोन वेगळी निदानं मोडीत काढून 'सबस्टन्स यूज डिसऑर्डर' (पदार्थसेवनाचा विकार) हे एकच निदान केलं. त्याचे ११ निकष. २-३ असतील तर सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. अमेर्साच्या नियतकालिकानेही २०२४ पासून नावातला 'अब्यूज' वगळला.

हा नुसता शिष्टाचार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात परिषदांना आलेल्या पाचशेहून अधिक मानसिक आरोग्य व्यावसायिकांना एकाच माणसाचं वर्णन वाचायला दिलं. काहींच्या कागदावर त्याला 'सबस्टन्स अब्यूजर' म्हटलं होतं, काहींच्या कागदावर त्याला 'सबस्टन्स यूज डिसऑर्डर' असल्याचं लिहिलं होतं. बाकी सगळं सारखं. 'अब्यूजर' वाचलेल्यांचा कल त्या माणसालाच दोष देण्याकडे आणि शिक्षेच्या उपायांकडे जास्त गेला. हे सगळे शिकलेसवरलेले, याच कामात मुरलेले लोक होते. मराठीत आपण "दारुडा", "गर्दुल्ला", "बेवडा" हे शब्द लिखाणात टाळतोच, पण "व्यसनी" हा शब्द मात्र सहज घुसतो. "दारूच्या व्यसनाचा त्रास असलेली व्यक्ती" लिहायला चार शब्द जास्त लागतात, लागू देत. लघवीच्या तपासणीचा निकाल "क्लीन" किंवा "डर्टी" नसतो, तो पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असतो. "पुन्हा दारू प्यायला" म्हणण्याऐवजी किती दिवसांत किती वेळा, हे मोजलं असेल तर तेच लिहा.

अपवाद एकच: प्रश्नावलीचं किंवा संस्थेचं अधिकृत नाव आहे तसंच ठेवायचं. 'ड्रग अब्यूज स्क्रीनिंग टेस्ट' हे नाव आपण सुधारून लिहायचं नाही.

नावं आणि पैसे

लेखकांची यादी शेवटच्या रात्री ठरवू नका. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाचे चार निकष दिले आहेत: कामाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; मजकूर लिहिणं किंवा त्यात वैचारिक दुरुस्ती; अंतिम रूपाला मान्यता; आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागू व्हायला हवेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, हे त्यात बसत नाही. हे सांगायला धीर लागतो हे मान्य, पण सुरुवातीलाच निकषांचा कागद सगळ्यांना पाठवला की निम्मं अवघडलेपण कमी होतं. उलटही घडतं: ज्या समुपदेशकाने अर्ध्या मुलाखती घेतल्या, मसुदा वाचून दुरुस्त केला, त्याचं नाव मात्र आभारात. व्यसनातून बाहेर आलेल्या ज्या सहकाऱ्यांनी कार्यक्रम घडवला, त्यांना लेखक म्हणून यायचं आहे का, हेही विचारा. आपली ओळख जाहीर होणं त्यांना चालेल का, हा निर्णय त्यांचा.

हितसंबंधांचा रकाना खरा भरा. या क्षेत्रात दारू, तंबाखू आणि औषध कंपन्यांच्या पैशाचा इतिहास आहे आणि परीक्षक त्याबाबत हळवे असतात. प्रशिक्षणासाठी कंपनीने नॅलोक्झोनचे (ओपिऑइडचा अतिडोस उतरवणाऱ्या औषधाचे) नमुने फुकट दिले असतील तर तेही सांगायचं.

पोर्टलवरची झटापट

मजकूर साध्या टेक्स्टमध्ये चिकटवा आणि लगेच पूर्वदृश्य बघा. "पेक्षा मोठं किंवा समान" हे चिन्ह, ग्रीक अक्षरं, वरचे-खालचे अंक हे हमखास चौकोनात किंवा प्रश्नचिन्हात बदलतात. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, रिकाम्या जागा धरून की सोडून, शीर्षक त्यात मोजतात का, हे आधीच बघून ठेवा. लेखक झाकून परीक्षण होणार असेल तर मजकुरात संस्थेचं नाव राहून जात नाही ना ते पाहा. "आमच्या अमुक महाविद्यालयात" हे पद्धतीच्या पहिल्याच ओळीत सापडतं. विषयसूचक शब्दांचा रकाना घाईत भरू नका. गोषवारा कोणत्या परीक्षकाकडे जाणार हे पुष्कळदा त्यावरूनच ठरतं.

शेवटची वेळ कोणत्या घड्याळाची, हेही पत्रकात असतं. रात्री ११:५९ म्हणजे बऱ्याचदा यजमान शहरातले ११:५९. तुमच्याकडे तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असू शकतो किंवा दुपारच असू शकते.

आणि माझी चूक तुम्ही करू नका. एका वर्षी मी दोन दिवस आधी सगळं भरून निवांत झाले. प्रत्येक सहलेखकाने हितसंबंधांचा फॉर्म आपापल्या लिंकवरून भरायचा होता, हे मी वाचलंच नव्हतं. एका सहकाऱ्याच्या स्पॅममध्ये ते ईमेल पडून राहिलं आणि आमचा गोषवारा "अपूर्ण" या शेऱ्यासह परीक्षणाला गेलाच नाही. तेव्हापासून सगळ्या सहलेखकांना आठवडाभर आधी फोन करते, आणि स्थिती "सबमिटेड" झाल्याचं पान पीडीएफ करून ठेवते.

पाठवण्याआधी मात्र एक दिवस काढा, आणि विषयाबाहेरच्या कोणाला तरी गोषवारा मोठ्याने वाचून दाखवा. परिषदेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर आधी हाच मजकूर आपल्या भाषेत तोंडी सांगून बघा. जे वाक्य तोंडी सांगताना आपण आपोआप गाळतो, ते लिखाणातूनही जाऊ शकतं.

उत्तर आल्यावर

उत्तर साधारण तीन प्रकारचं: तोंडी सादरीकरण, पोस्टर, किंवा नकार. तोंडी मागितलं आणि पोस्टर मिळालं तर खट्टू होऊ नका. दहा मिनिटांच्या भाषणानंतर दोन प्रश्न होतात. पोस्टरजवळ तासभर उभं राहिलं की चार माणसं खरोखर बोलतात, आणि पहिल्या वेळी तेच हवं असतं. होकार कळवायची तारीख आणि सादर करणाऱ्याच्या नोंदणीची तारीख वेगळी असते. दुसरी चुकली तर कार्यक्रमपत्रिकेतून नाव जातं. प्रवासखर्चाची शिष्यवृत्ती आणि व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र यांची चौकशी त्याच आठवड्यात करा. ज्याला जाता येणार नाही त्याने वेळेवर कळवून माघार घ्यावी. न सांगता रिकामा राहिलेला पोस्टरचा फळा आयोजक विसरत नाहीत.

नकार आला तर शेरे दोन दिवसांनी वाचा. बहुतेक शेरे खण चुकल्याचे किंवा निष्पत्ती अपुरी असल्याचे असतात, आणि दोन्ही दुरुस्त होतात. माझा तो पहिला गोषवारा पुढच्या वर्षी आकड्यांसह, कार्यक्रमाच्या खणात गेला आणि घेतला गेला. मात्र तोच गोषवारा एकाच वेळी दोन परिषदांना पाठवायचा झाल्यास दोन्हींचे नियम बघा. पुष्कळ ठिकाणी ते चालत नाही.

परिषद झाली की लेख लिहायला घ्या. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २०१८ च्या एका आढाव्यात वैद्यकीय परिषदांमधले तीन लाखांहून अधिक गोषवारे तपासले, तर पुढे पूर्ण लेख झाले होते ते ३७ टक्क्यांच्या आसपास. परिषदेतल्या गोषवाऱ्यामुळे नियतकालिकाची दारं सहसा बंद होत नाहीत. आधी कुठे मांडलं ते लेखात नमूद करायचं, एवढंच.

गोषवारा पाठवल्यापासून परिषदेपर्यंत कित्येक महिने जातात. मधल्या काळात आणखी प्रश्नावल्या येतात, एखादी नोंद चुकलेली सापडते, आणि ५८ चे ५६ होतात. पोस्टरवर नवा आकडा टाका आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहा: "गोषवाऱ्यात ५८, नोंदी पुन्हा तपासल्यावर २ विद्यार्थी वगळले." पोस्टरसमोर थांबणाऱ्यांपैकी कोणीतरी छापील गोषवारा हातात घेऊनच आलेलं असतं, आणि त्याची नजर आधी त्या आकड्यावरच जाते.